गाणं थांबलं की उतरायचं

रेल्वेत होतो म्हटलं की लोक लगेच विचारतात, "ड्रायव्हर होते का?" नाही म्हटलं की "मग गार्ड?" त्यालाही नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो आणि ते चहाचं विचारतात. मी गँगमन होतो. पुढे मुकादम झालो आणि नंतर पुन्हा गँगमन झालो. अशी उलटी बढती मिळालेला माणूस रेल्वेत सहसा सापडत नाही, म्हणून संपादकांनी लिहा म्हटल्यावर मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

आमचं काम समजायला सोपं आहे. रुळाखाली लाकडी स्लीपर असतात, स्लीपरखाली खडी असते, आणि गाडी गेली की ती खडी थोडी दबते, थोडी सरकते. ती पुन्हा स्लीपरखाली ठोकून बसवायची. त्याचं हत्यार बिटर. टिकावासारखंच, फक्त एका टोकाला चपटं, बोथट तोंड असलेलं. आज घट्ट बसवलेली खडी दोन महिन्यांनी पुन्हा ढिली होते. मग पुन्हा तेच. या कामाला शेवट नाही, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

एका स्लीपरला चार माणसं लागतात. चौघांचे घाव एका तालात पडले नाहीत तर स्लीपर एकीकडून वर उचलला जातो. म्हणून आम्ही गायचो. एकजण ओळ टाकायचा, बाकीचे घावासोबत शेवटचा शब्द उचलायचे. गाणी आमची आम्हीच केलेली. कोणाची बायको माहेरी जाऊन बसली, कोणाचा बैल बाजारात बुजून उधळला, असली. "संत्रं पिकलं काटोलले, गाडी निघाली इतवारीले" ही एक ओळ तर आम्ही बारा महिने ओढायचो, संत्र्याचा मोसम असो की नसो.

हिवाळ्यात सकाळी यार्डावर धुकं असायचं. इंजिनांचा धूर त्यातच मिसळलेला. सिग्नलचे दिवे नुसते हवेत टांगल्यासारखे दिसत. अर्धा तास गाणं चाललं की अंगात एक गुंगी चढायची. हात आपोआप वर जायचे, खाली यायचे. आपण ठोकतोय की कोणी आपल्याकडून ठोकून घेतंय, हे कळत नसे. मन कुठेही भटकून यायचं. मी लहानपणच्या घरात जाऊन यायचो, मेलेल्या माणसांशी बोलून यायचो. भानावर आलो की वीस स्लीपर झालेले असायचे आणि ऊन खांद्यावर आलेलं असायचं. इतकं सुख मला पुढे कशातच मिळालं नाही. आमची माणसं मरायची तीही त्याच गुंगीत.

यार्डात डबे लावण्याची एक पद्धत असते. इंजिन डब्यांना धक्का देतं आणि मागेच थांबतं. सुटलेले डबे एकटे घरंगळत आपल्या रुळावर जाऊन उभे राहतात. त्यांना इंजिन नाही, शिट्टी नाही, धूर नाही. तेल दिलेली चाकं असली तर आवाजही नाही. भरलेला डबा माणसाच्या चालीने तुमच्या पाठीमागे येतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून नियम असा की गँगमधल्या एकाने काम करायचं नाही. लाल झेंडी घेऊन बाजूला उभं राहायचं आणि नुसतं पाहायचं. तो पहारेकरी.

नियम चांगलाच होता. पण तो ज्याने लिहिला त्याने कधी आमच्या गँगमध्ये उभं राहून पाहिलं नसावं. अकराजण घामाघूम होऊन ठोकताहेत आणि आपण हात बांधून उभे, ही आमच्यात लाजेची गोष्ट होती. तोंडावर कोणी काही बोलत नसे, पण जेवताना भाकरी सोडली की एखादा हळूच म्हणायचा, "साहेबाले भूक लागली का गा?" त्यामुळे ज्याच्याकडे झेंडी येई तो पाव तासात ती खडीत खोचून बिटर उचलायचा. सगळेच तसं करायचे.

बापूजी आमचे मुकादम होते. साठीकडे झुकलेले, अंगाने वाळलेले, पण मुकादम असूनही स्वतः बिटर मारणारे. मला त्यांनीच गँगमध्ये घेतलं होतं. विणकराच्या पोराला हे काम झेपायचं नाही असं सगळे म्हणत होते. बापूजी म्हणाले, "ज्याले ताल समजते त्याले बिटर समजते."

त्या दिवशी झेंडी माझ्याकडे होती. बापूजींना दम लागलेला मला दुरून दिसत होता. दोन घाव मारायचे आणि छातीवर हात ठेवायचे. मी झेंडी खडीत खोचली आणि त्यांच्याजवळ गेलो.

"बापूजी, आना इकडे तो बिटर. बसा जरासे."

"झेंडी कोन पाहीन?"

"मी हाये ना. इथूनही दिसते."

ते हसले. बिटर माझ्या हातात दिला आणि शेजारच्या लायनीच्या रुळावर टेकले, यार्डाकडे पाठ करून. मी ठोकायला लागलो. गाणं चालू होतं. किती वेळ गेला ते मला अजूनही सांगता येत नाही. मी पाहिलं तेव्हा डबे त्यांच्यापाशी पोचलेले होते. मी तोंड उघडलं, पण त्यातून आवाज निघाला नाही. एक अक्षरसुद्धा नाही.

चौकशी झाली. पहारेकरी कोण होता? मी. झेंडी कुठे होती? मी गप्प. माझ्यासमोर माझी दोन लहान मुलं आणि जाणारी नोकरी दिसत होती. तेवढ्यात श्रावण पुढे झाला. श्रावण कुहीकडचा, धानाच्या बांध्यांतून आलेला, गँगमधला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "यानं आवाज देल्ला साहेब. म्या आयकला. बापूजी काम करून राहिले होते, त्याईले आयकू नाई आला."

बाकीच्यांनी आपण खाली मान घालून काम करत असल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं. श्रावणचं म्हणणं कागदावर उतरलं. मी सुटलो. मला वाटलं, अशा वेळी माणसाला काहीबाही ऐकू आल्यासारखं होतं, तसंच याला झालं असेल. खरं म्हणजे मी तसं वाटून घेतलं.

बापूजींच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या सक्करदऱ्याला तलावापाशी राहायच्या. तेव्हापासून दर दिवाळीला त्यांच्याकडून माझ्या घरी चिवड्याचा डबा येऊ लागला. स्वतः घेऊन यायच्या. "तुनं तं आवाज देल्ला होता बाप्पा," म्हणायच्या, "त्याईच्याच नशिबात नोहता आयकाचा." माझी मुलं तो चिवडा खायची. मी कधी एक दाणाही तोंडात टाकला नाही.

काही वर्षांनी मला मुकादम केलं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: झेंडीवाल्याच्या हातात बिटर जाता कामा नये. मी ओरडून पाहिलं, शपथा घालून पाहिल्या. एका म्हाताऱ्या, कंबर गेलेल्या माणसाला पहाऱ्यावर ठेवलं, तर तो खडीचे दगड वेचून देऊ लागला. रिकामे हात कोणालाच सोसत नव्हते.

उपाय मला माझ्या बापाच्या मागाने सुचवला. विणकराच्या घरात मागाचा खटखटाट दिवसभर चालतो आणि तो कोणालाच ऐकू येत नाही. पण धागा तुटून माग थांबला की आई चुलीपाशी असली तरी मान वर करायची. आम्ही पोरं खेळताना थबकायचो. चालू आवाज कोणी ऐकत नाही, थांबलेला आवाज सगळे ऐकतात. यार्डात चारी बाजूंनी शिट्ट्या वाजत असायच्या, त्यात आणखी एका शिट्टीचं कोण ऐकणार? पण गाणं थांबलं तर हात अडखळणारच.

आमचा गाणारा मेश्राम. भीमजयंतीला त्याच्या गाण्यांना दोन-दोन वस्त्या लोटायच्या. मी त्याला म्हटलं, "उद्यापासून झेंडी तुह्याजवळ. उंचावर उभा राहाचं, दोन्ही बाजू पाहाच्या आन् गाचं. डबा दिसला की गाणं बंद."

"मी गाईन मुकादम, पन मंग माहा बिटर कोन मारन?"

"कोनी नाई मारत. तुहं काम गानं."

"फुकटचा पगार घेतल्यासारखं वाटते गा."

पण तसं झालं नाही. गाणाऱ्याला कोणी रिकामा म्हणत नाही. गाण्याशिवाय हात चालत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मेश्राम आता आमच्यात सगळ्यात कामाचा माणूस ठरला. भाकरी सोडताना त्याच्यापुढे पहिलं लोणचं जाऊ लागलं. पहिल्या आठ दिवसांत गमतीही झाल्या. त्याला ठसका लागला की अकराजण टुणकन रुळाबाहेर. एकदा तो ओळच विसरला आणि आम्ही सगळे नालीत उतरून उभे. नेमके त्याच वेळी साहेब ट्रॉलीवरून आले. दोन्हीकडे नजर जाईल तिथवर काही नाही, आणि पूर्ण गँग नालीत अदबीने उभी! साहेबांना वाटलं त्यांच्यासाठीच.

मग मात्र ते अंगात भिनलं. कोराडीचं वीजघर सुरू झालं होतं आणि कोळशाच्या डब्यांनी यार्ड गजबजून गेलं होतं. काळे, जड, मुके डबे. मेश्रामचा आवाज धुक्यातून तरंगत यायचा, आम्ही गुंगीत जायचो आणि मधेच तो आवाज नाहीसा व्हायचा. त्या शांततेत पाय आपोआप बाहेर पडायचे. आम्ही कडेला उभे, आणि समोरून कोळशाचे डबे हळूहळू निघून जायचे. शेवटचा डबा गेला की मेश्राम अर्ध्यावर सोडलेली ओळ पुरी करायचा. डबे खरंच पाहिले होते की तेही गुंगीतच दिसले होते, असा कधी कधी प्रश्न पडायचा.

एका धुक्याच्या सकाळी गाणं थांबलं, आम्ही बाहेर आलो आणि मी सवयीने डोकी मोजली. एक कमी. श्रावण वीस पावलं पुढे, पाठमोरा, एकटाच ठोकत होता. मी धावलो आणि त्याला दंडाला धरून ओढलं. डबा आमच्या अंगावर वारा घालत गेला.

तो माझ्याकडे नुसता पाहत होता. मी ओरडून काहीतरी बोललो, तर तो माझ्या ओठांकडे पाहू लागला. तेव्हा मला कळलं. गाणं थांबलेलं त्याने कधी ऐकलंच नव्हतं. शेजारच्याचे हात थांबले की तो थांबायचा.

दुपारी त्याला बाजूला घेतलं आणि तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, "कधीपासून?"

"बापूजी गेले ना, त्याच्या आदल्या पोळ्यापासून."

मी हिशोब केला. मग विचारलं, "मंग माहा आवाज तू कसा आयकला?"

"तुनं देल्लाच नाई, तं आयकीन कसा? झेंडी खडीत होती. तुह्या हाती बापूजीचा बिटर होता. म्या पाह्यलं ना."

"साहेबाले खोटं काहून सांगतलं?"

"अर्धं तुह्यासाठी. तुहे लेकरं लहान होते. अर्धं माह्यासाठी. ज्यानं आवाज आयकला, त्याचे कान कोन तपासते?" मग माझा हात धरून म्हणाला, "लायनीवरून नको काढू गा मले. इथं मले समजते सारं. घरी काईच समजत नाई. बाई बोलते, लेकरं बोलते, मी नुसता पाह्यत राह्यतो."

मी त्याला तो पूर्ण हिवाळा माझ्यासमोर उभं केलं. समोरासमोर ठोकायचो आम्ही. त्याची नजर माझ्या हातांवर, माझे कान मेश्रामकडे. असा मी आणि तो मिळून एक माणूस बनला होता. एवढं जवळ मी कोणाच्याच गेलो नाही, घरच्यांच्याही नाही. मग फाल्गुनात एका दुपारी मला गुंगी चढली. भानावर आलो तेव्हा श्रावण माझ्यासमोर नव्हता. तो माझ्या मागे, लांब, पाठमोरा ठोकत होता. डबा आला नव्हता. काहीच झालं नव्हतं. पण मी त्याच संध्याकाळी साहेबांच्या खोलीवर गेलो.

हे साहेब नवीन आलेले, तरुण, कामसू. टेबलावर बापूजींच्या चौकशीचीच फाइल उघडी होती. मी बोलायच्या आत तेच म्हणाले, "बरं झालं आलात. तुमचं ते गाणं बंद करायचंय, मुकादम. रेल्वे गाण्यावर चालत नाही. ही फाइल वाचली मी. पहारेकऱ्याने आवाज दिला होता, तो कमी पडला. म्हणून सगळ्या गँगच्या पहारेकऱ्यांना पितळी शिट्ट्या देतोय."

यार्डाच्या सगळ्या गँग माझ्या डोळ्यांपुढे आल्या. गळ्यात पितळी शिट्टी, झेंडी खडीत खोचलेली आणि हातात बिटर. माझ्या खोट्यावरून साहेब नियम बनवत होते, आणि तो नियम कोणालाच वाचवणार नव्हता.

"तुमचं काय काम होतं?" साहेबांनी विचारलं.

"श्रावणला ऐकू येत नाही साहेब. त्याला लायनीवरून काढा."

"श्रावण?" त्यांनी फाइलमध्ये बोट ठेवलं. "यानेच तर तुमचा आवाज ऐकला होता."

यंदापासून ऐकू येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी ते म्हणायला तोंडही उघडलं. आणि मग सांगून टाकलं. झेंडी, बिटर, बापूजींचा दम, सगळं. साहेबांनी सगळं ऐकून फाइल मिटली. शेवटी एवढंच म्हणाले, "म्हणजे आवाज कमी पडला नव्हता."

"आवाज नव्हताच साहेब. हात रिकामे नव्हते."

माझी मुकादमी गेली, ती मेश्रामला मिळाली. श्रावणची एक पगारवाढ थांबली आणि त्याची रवानगी हत्यारांच्या खोलीत झाली. तो माझ्याशी वर्षभर बोलला नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. साहेबांनी शिट्ट्यांचा बेत सोडला आणि नवा हुकूम काढला: गँगमध्ये जितकी माणसं, त्याहून एक बिटर कमी द्यायचा, आणि दिवसाचं काम ठरवताना पहारेकऱ्याला मोजायचं नाही. गाण्याचा त्यात उल्लेख नव्हता. मनाईचाही नव्हता. आम्ही गात राहिलो, आणि वर्षभरात यार्डाच्या इतर गँगही गाऊ लागल्या.

पण ते सगळं नंतर. साहेबांना सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन सक्करदऱ्याला गेलो. काकूंच्या कानावर हे दुसऱ्या कोणाकडून जायला नको होतं. दुपार होती. तलावाकडून वारा येत होता आणि काकू ओट्यावर मुरमुरे पाखडत बसल्या होत्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. त्यांचं पाखडणं चालूच होतं. सूप वर जायचं, खाली यायचं, आणि मला त्या तालातच पुढचं वाक्य सुचत होतं.

माझं संपल्यावर सूप थांबलं.

"तुनं त्याईच्या हातचा बिटर घेतला?"

"हो काकू."

"मंग थे काय करून राहिले होते?"

"बसले होते. रुळावर टेकले होते. दम खाऊन राहिले होते."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि तलावाकडे पाहिलं. मला वाटलं आता शिव्या देतील, उठ म्हणतील. मी त्याची वाटच पाहत होतो.

"मले सारे सांगत, काम करता करता गेले," त्या म्हणाल्या. "मी म्हनो, जनमभर राबले, आन् शेवटच्या घडीलेही या मानसाले कोनी बसू नाई देल्लं." त्यांनी पदराने डोळे पुसले. "बसले होते म्हनतं तू?"

"हो."

"हासले होते का?"

"हो काकू. बिटर देताना हसले होते."

"बसले होते," त्या स्वतःशीच पुन्हा म्हणाल्या.